काका, आईने स्वीकारलेलं नाहीये

नमस्कार काका, उत्तराला उशीर झाला, सॉरी, पण तुमची कॉमेंट एवढी मोठी होती की फोनवर टाइप करत बसणं जमेना, आज रविवार म्हणून लॅपटॉप उघडलाय. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून, काकांचं म्हणणं थोडक्यात असं की माझ्या कथेतली रेवा आईला सांगते की मला मुली आवडतात आणि अनघा नुसती मैत्रीण नाहीये, तर पेणमधली आई हे इतक्या सहज कशी स्वीकारेल, ना रडारड ना थोबाडीत, म्हणून कथा खोटी वाटते. शिवाय कमिंग आउट, म्हणजे आपल्याला कोण आवडतं हे असं उघड सांगणं, हे बाहेरचं फॅड आहे, मराठीत त्याला शब्दसुद्धा नाही. आणि शेवट फारच गोड झालाय. अजून एक मुद्दा लसणाचा आहे, त्यावर नंतर येते.

काका, आईने कुठे स्वीकारलंय? तो प्रसंग परत वाचा ना प्लीज. रेवा बोलते तेव्हा आई लसूण सोलतेय, ती थांबत नाही, वर बघत नाही, सोलतच राहते, फक्त सोललेल्या पाकळ्या सालांच्या कागदावर पडायला लागतात आणि सालं वाटीत. मग म्हणते, गॅस बारीक कर. त्यानंतर अकरा दिवस ती कामापुरतंच बोलते, डबा देते पण डब्यात काय आहे ते सांगत नाही (आधी रोज सांगायची, फोडणी कशाची घातली इथपर्यंत). मारलं नाही म्हणजे मान्य केलं असं कसं? माझ्या घरी सांगून सात वर्षं झाली, तेव्हा कोणी आवाज चढवला नव्हता, पण अजूनही विषय निघाला की टीव्ही मोठा होतो.

आता शेवट. 'अशा मुलींचं पुढे काही चांगलं होत नाही, वास्तव दाखवा' असं तुम्ही लिहिलंय. गंमत सांगते. अमेरिकेत 1952 साली मेरिजेन मीकरची 'स्प्रिंग फायर' आली, व्हिन पॅकर या टोपणनावाने, कॉलेजातल्या दोन मुलींच्या प्रेमाची गोष्ट. संपादकाने आधीच बजावलं होतं की शेवट सुखाचा नको, कारण पुस्तकं पोस्टाने जाणार आणि पोस्टवाल्यांनी अश्लील म्हणून अडवली तर सगळंच बुडालं. म्हणून मग एकीला वेड लागतं आणि दुसरीला अचानक साक्षात्कार होतो की आपलं तिच्यावर प्रेम नव्हतंच! हे वास्तव का, ही तर पोस्टाची धास्ती. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथने 'द प्राइस ऑफ सॉल्ट' काढली, तीही दोन बायकांच्या प्रेमाचीच आणि टोपणनावानेच, पण त्यात शेवटी दोघी एकत्र येण्याची आशा आहे, आणि वाचकांची पत्रंच पत्रं आली तिला. तरी स्वतःचं नाव लावायला 1990 उजाडलं. (या दोन लेखिका पुढे काही काळ एकत्र राहत होत्या, हे आपलं जाता जाता.)

आणि बाहेरचं फॅड म्हणाल तर तेंडुलकरांचं नाटक 'मित्राची गोष्ट' 1981 चं आहे, रोहिणी हट्टंगडींनी त्यात सुमित्रा केली होती, आणि नाटकातला काळ तर चाळीसच्या दशकातला. ही सुमित्रा तिच्या मित्राला, बापूला, स्वतःच्या तोंडाने सांगतेच की तिला मुली आवडतात. फक्त आपल्याला ती गोष्ट ऐकवतो बापू, आणि ती शेवटी जीव देते. नाटक जबरदस्तच आहे, माझं भांडण तेंडुलकरांशी नाहीये, पण इतकी वर्षं झाली तरी अशी मुलगी मेल्याशिवाय आपल्याला खरी वाटत नाही म्हणजे कमाल आहे. मला रेवाला दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून एसटीच्या लाइनीत उभं करायचं होतं, म्हणून केलं. एवढाच तो गोड शेवट.

शब्दाचं म्हणाल तर आमच्यात एकमेकींना 'कमिंग आउट केलंस का' असं सहसा कोणी विचारत नाही हो. 'घरी माहितीये?' एवढंच. नवीन ओळख झाली की दुसरातिसरा प्रश्न तोच असतो. आणि उत्तर हो किंवा नाही असं सरळ क्वचितच येतं, 'ताईला माहितीये', 'आईला माहितीये पण माहिती नसल्यासारखं', अशी येतात.

रेवाच्या बाबांबद्दल मात्र तुम्ही पकडलंत. ते गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायला बसले आणि मी त्यांना तिथेच विसरले, नंतरच्या दोन भागांत त्यांचं नावसुद्धा नाही. खरं सांगायचं तर ते काय बोलतील हे मला सुचेना, म्हणून टाळलं. लिहावं लागणार.

आणि लसूण. श्रावणी सोमवारी या घरात लसूण कसा, हे तुमच्याशिवाय कोणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्या आईच्यासुद्धा नाही, आणि तिने कथा वाचलीये (त्यावर काही बोलली नाही, पण वाचलीये). आजच बदलते. आईपुढे मोड आलेले वाल ठेवते, बिरड्यासाठी सोलायला, पेणला ते शोभेलही. डाळिंब्या मात्र सालांतच पडणार, ते बदलणार नाही.