गोळे ३ सेंटिमीटरवर का थांबत नाहीत?

नमस्कार. कूलोमच्या नियमावरच्या माझ्या लेखाला तुमची हरकत अशी: फॉइल गुंडाळलेले १ सेंमी व्यासाचे दोन थर्माकोलचे गोळे ३० सेंमी लांब सुती दोऱ्यांनी एकाच खिळ्याला टांगले. विद्युत प्रभार दिल्यावर ते एकमेकांपासून ६ सेंमी दूर गेले. तशाच तिसऱ्या गोळ्याने एकाचा निम्मा प्रभार काढून घेतला. बल निम्मे, तर अंतर ३ सेंमी व्हायला हवे होते, आले ४.५. म्हणून कूलोमचा नियम (दोन प्रभारांमधले बल प्रभारांच्या गुणाकाराच्या प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते) फक्त बिंदूंपुरता, खऱ्या गोळ्यांना लागू नाही.

मोजमाप उत्तम आहे, चुकली ती ३ ची अपेक्षा. कोन लहान असताना गोळ्यांना परत मध्याकडे आणणारी गुरुत्वाची ओढ अंतराच्या प्रमाणात असते, म्हणजे ३ सेंमीवर निम्मी. आणि प्रतिकर्षण, म्हणजे गोळ्यांना एकमेकांपासून ढकलणारे बल? अंतर निम्मे म्हणून चौपट, प्रभार निम्मा म्हणून त्याच्या निम्मे, म्हणजे मूळच्या दुप्पट. मग गोळे तिथे थांबतील कसे? ओढ आणि प्रतिकर्षण जुळतात तिथे अंतराचा घन प्रभारांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. २ चे घनमूळ १.२६, म्हणून उत्तर ६ भागिले १.२६, म्हणजे ४.७६ सेंमी. लेखात हे सांगायचे राहिले, ती चूक माझीच. कूलोमच्या १७८५ च्या प्रयोगात एक गोळा तारेला टांगलेल्या आडव्या काडीवर होता, त्यामुळे तारेचा पीळ वाढवून गोळे हव्या त्या अंतरावर आणता येत. टांगणीत अंतर आणि बल दोन्ही एकदम बदलतात.

उरला पाव सेंमी. गोळे बिंदू नाहीत, त्यांच्या धातूच्या पृष्ठावर प्रभार सरकतो हे खरे, पण इतक्या अंतरावर त्याने बल जेमतेम अर्धा टक्का घटते. खरे कारण गळती. ४.५ भागिले ६, त्याचा घन ०.४२, म्हणजे प्रभारांचा गुणाकार मूळच्या ०.४२ पट उरला; ०.५० पट उरायला हवा होता, म्हणजे त्यातला १६ टक्के गेला. सुती दोरा हवेतला दमटपणा धरतो आणि प्रभार त्यावरून वर निघून जातो. नायलॉनचा दोरा घ्या, त्याला बोटे लावू नका. तिसरा गोळा आधी बोट लावून प्रभारमुक्त करा, मग कोरड्या प्लास्टिकच्या काडीने धरा. हातात धरलात तर निम्मा नाही, सगळाच प्रभार जाईल. तो खालून टेकवा. बाहेरच्या बाजूने टेकवला तर समोरच्या गोळ्याच्या प्रतिकर्षणामुळे तिसऱ्या गोळ्याकडे निम्म्याहून किंचित जास्त प्रभार जातो.

टेकवण्याआधी दोन मिनिटे नुसते थांबून अंतर किती घटते ते लिहून ठेवा, म्हणजे गळती वजा करता येईल. नंतर तिसरा गोळा पुन्हा प्रभारमुक्त करून दुसऱ्या गोळ्याचाही प्रभार निम्मा करा. व्यस्त वर्गाच्या नियमाने ३.८ सेंमी यायला हवे; बल नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते तर ३.० आले असते.