हुशार पोरीला आर्ट्सपासून वाचवा!

दहावीला नव्वदच्या वर टक्के पडलेली पोरगी घरात असेल आणि एक दिवस जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला आर्ट्सला जायचंय," तर घाबरून जाऊ नका. सोलापुरात या दुखण्यावर इलाज करणारे गल्लोगल्ली आहेत. फी घेत नाहीत, बोलवावंही लागत नाही. नुकतंच हे सगळं आमच्या घरी होऊन गेलंय, त्यामुळे चार अनुभवाचे बोल ऐका.

सगळ्यात आधी शेजारीपाजारी कळू द्या. आमच्याकडे पेढे पोचायच्या आत एक जण दारात हजर. "काय बे, एवढी हुशार पोरगी अन् आर्ट्सला टाकालास? काय झालं काय तिला?" आवाज असा की मला उगीचच वाटलं, आता दवाखान्याचं नाव विचारतो की काय.

खरं तर ही लागण दहावीतच रोखता येते. इतिहासाचा तास बीजगणिताला द्या म्हणून शाळेला सांगा. (बऱ्याच शाळा तुमच्या सांगण्याची वाट बघत नाहीत.) इतिहास-राज्यशास्त्राचे 40, भूगोलाचे 40, अंतर्गत 20, एवढाच तर मामला. त्यातले 20 झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बायंडिंग करून मिळतात. तरीही गुण कमी पडलेच तर बेस्ट ऑफ फाइव्ह (टक्के काढताना सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरायचे) आहेच सांभाळायला. 2020 साली कोरोनात दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण देऊन टाकले. कुणाच्या घरी चूल पेटली नाही? हेच गणिताचं झालं असतं तर आईबाप कोर्टाच्या पायऱ्यांवर झोपले असते.

भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. तो पाठ करून घ्या. पोरांना बाहेर नेऊ नका, ऊन फार असतं.

एवढं करूनही पोरगी ऐकत नसेल तर तिला कॉलेजच्या खिडकीवर उभी करा. 2025 पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालाय, पण खिडकी काही सुटत नाही. आतल्या साहेबांनी आधी मार्कलिस्ट बघितली, मग पोरीकडे, मग माझ्याकडे. "शाखा चुकून पडली वाटतं. सायन्स करायचं बघा, अजून वेळ आहे." चुकून नाही, इतिहास आणि राज्यशास्त्र घ्यायचंय, असं पोरगी म्हणाली. त्यावर त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या मॅडमना हाक मारली. "मॅडम, हे बघा." मॅडमनी चष्मा वर करून खरंच बघितलं.

माहितीपत्रकात इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र असं भरलेलं ताट होतं. मानसशास्त्र? "छापलंय, पण शिक्षक नाहीत." भूगोल? "त्याला प्रॅक्टिकल असतं, पोरं जमली तर बघू." समाजशास्त्र? "ते आणि इतिहास एकाच वेळेला येतंय टाइमटेबलात, दोन्ही नाही मिळणार." मग मिळतंय काय? "तसं काही नाही, जे मिळेल ते घ्या. आर्ट्सच तर आहे." शेजारच्या खिडकीवर नीट-सीईटीच्या बॅचची चौकशी चालली होती. तिकडे बसायला खुर्च्या होत्या.

मुलगा असेल तर हा लेख वाचूच नका. त्याला विचारतंय कोण?

आणि ही सामाजिक शास्त्रं सुटली म्हणून जीवाला लावून घेऊ नका, ती पुढे व्याजासकट परत येतात. पोराला घासून इंजिनिअर करा. नोकरी नाही लागली की तोच म्हणेल, एमपीएससी करतो. मग त्याला पुण्याला पाठवा. कॉट बेसिसवर खोली, अभ्यासिकेचं भाडं, मेसचा डबा, क्लासची फी. आणि एवढं ओतल्यावर तिथे त्याला सांगतात काय? बालभारतीची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राची पुस्तकं आण आणि पहिल्यापासून वाच! जी तुम्ही दहावीच्या निकालादिवशी रद्दीवाल्याला किलोवर घातली होती, तीच. पंधराव्या वर्षी फुकट शिकायचं ते पंचविसाव्या वर्षी कर्ज काढून शिकायचं, आणि तेही समजून घ्यायला नाही, चार पर्यायांतला एक गोल काळा करायला! वर हीच माणसं मला विचारणार, "इतिहास घेऊन पोटाला मिळतं का?" तुमच्या पोराला काय घेऊन मिळालं ते सांगा की आधी!

परवा त्याच शेजाऱ्याच्या पोराला विचारलं, चार पुतळ्यावरून रोज जातोस, ते चौघं कोण रे? म्हणाला, "स्टॉप आहे ना काका तिथं." मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नुसती नावं वाचली तरी या गावात कोण कोण राहतं ते कळतं. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ लावला आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फासावर चढवलं. दरवर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गर्दीच्या दिवसांतच तो दिवस येतो. पाळण्यात बसायला वेळ असतो, चौकात दोन मिनिटं थांबायला नसतो. आणि हीच पोरं जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे रात्र रात्र नाचतात, मोबाइलवर आलेला कुठलाही इतिहास खरा मानून एकमेकांची डोकी फोडायला निघतात. शरम वाटत नाही?

तुम्हालाही नाही वाटत. 117 टीएमसीचं उजनी धरण जिल्ह्यात, आणि नळाला चार-चार दिवस पाणी नाही म्हणून तुम्ही घागरी घेऊन एकमेकांवर खेकसता. धरणातलं पाणी कुणाला किती, ते ठरवतं कोण, महापालिकेत जाब कुणाला विचारायचा, यातलं ओ की ठो माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही, आणि ज्या पोरीला करून घ्यायचंय तिच्या बापाला येडा म्हणायचं!

पोरीचा फॉर्म भरून झालाय. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. समाजशास्त्राचं टाइमटेबल बदला म्हणून तिने स्वतःच्या अक्षरात प्राचार्यांना अर्ज दिलाय, पोच घेतलीय, शिक्का मारून. तुमच्या घरात असा अर्ज लिहिता येणारं एक तरी माणूस असेल तर मग या माझ्याकडे, करिअरवर बोलू.