टिकली काढू का?

आज संध्याकाळी आईला घेऊन टिळक रोडवर व्हिसाचा फोटो काढायला गेले होते. 35 बाय 45 मिलिमीटर, मागे पांढरं, चेहरा नीट दिसायला हवा. स्टुडिओवाल्या काकांनी चष्मा काढायला सांगितला, केस कानामागे घ्यायला सांगितले. आईने दोन्ही केलं. मग हात कपाळाकडे नेऊन विचारलं, "टिकली काढू का? चालते का त्यांना?"

घरी येऊन दोन तास झाले. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा आत्या, मावशी, शेजारच्या आजी, सगळ्यांनी आपापल्या परीने सुचवून पाहिलं होतं. आईने टिकली काढली नाही. भांडली नाही, चिडली नाही. "मी शाळेत जायला लागले तेव्हापासून लावतेय, लग्नानंतर नाही," एवढं म्हणाली आणि विषय संपला. 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई. कुणाच्या बापाला घाबरली नाही. आणि आज ती फोटो स्टुडिओतल्या स्टुलावर बसून विचारते, टिकली काढू का.

मागच्या वर्षी ताईचं बाळंतपण होतं. ताई युरोपात असते. देशाचं नाव लिहीत नाही, तिला अजून तिथेच राहायचंय. आईचा आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला, मुंढव्याला जाऊन. मग फाईल. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शनची ऑर्डर, आयटीआर, एफडीच्या पावत्या, फ्लॅटची टॅक्स पावती, भोरच्या जमिनीचा सातबारा. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर, त्यावर शिवाजीनगर कोर्टाबाहेर बसून नोटरी. नातं सिद्ध करायला ताईचा जन्मदाखला काढला, तर त्यात बाळाच्या नावाची जागा कोरी. पूर्वी दाखल्यात नाव घालायचेच नाहीत पटकन. ते घालून घ्यायला वॉर्ड ऑफिसच्या तीन खेपा. किमान 30,000 युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा. आणि फी. 2024 च्या जूनपासून शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी 80 वरून 90 युरो झाली, म्हणजे साडेआठ-नऊ हजार रुपये. व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.

नाकारला. कुरिअरने पासपोर्ट आला, सोबत छापील फॉर्म. त्यात कारणांची यादी असते आणि लागू असेल त्या चौकोनात खूण. आईच्या फॉर्मवर खूण होती ती अशी, की मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे.

आई परत येणार नाही! जी ताईच्या लग्नानंतर नाशिकला तिच्या सासरी चार दिवस राहायला गेली आणि तिसऱ्या दिवशी "कुंड्यांना पाणी कोण घालणार" म्हणून निघून आली, ती परत येणार नाही!

विधवा, पेन्शन बेताची, मुलगी तिकडे. ज्या मुलीसाठी जायचंय, तीच मुलगी परत न येण्याचं कारण ठरते. मग ही फाईल भरायची तरी कशी? मुलगी लपवायची का?

पण मला सगळ्यात जास्त राग याचा येतोय की त्या दिवसापासून आई स्वतःची चूक शोधतेय. आधी म्हणाली, माझी सही दोन ठिकाणी वेगळी आली असेल. मग म्हणाली, एफडी मोडून पैसे खात्यात ठेवायला हवे होते. मग बोटांचे ठसे. तिकडे व्हिसा अर्ज केंद्रात तिचे ठसे मशीनवर उमटत नव्हते, चार-पाच वेळा घ्यावे लागले. "भांडी घासून घासून रेषाच गेल्या माझ्या," असं त्या मुलीला म्हणत होती, जणू माफीच मागत होती. ते ठसे 59 महिने चालतात, या वेळी पुन्हा द्यावे लागणार नाहीत बहुतेक, हे सांगितल्यावर तिला केवढं हायसं वाटलं. आणि आज टिकली. वर्षभर आतल्या आत तिने त्या फोटोचाही विचार केला असणार, हे मला स्टुडिओत कळलं.

मागे कॉलेजच्या ग्रुपवर एकाने उड्या मारत बातमी टाकली होती, आपला पासपोर्ट हेन्लीच्या यादीत (कुठल्या पासपोर्टवर किती देशांत आधी व्हिसा न काढता जाता येतं, त्याची क्रमवारी) 85 वरून 77 वर आला म्हणून. 2025 च्या जुलैमधली गोष्ट. ऑक्टोबरमध्ये परत 85. जुलैत काय आईची फाईल पातळ झाली होती?

दुसरे ते सल्ला देणारे. "आधी थायलंड, मलेशिया कर. तिथे जाणं सोपं आहे. पासपोर्टवर शिक्के पडले की प्रोफाइल स्ट्राँग होतं." बरोबर असेलही त्यांचं. 36 पानांचा कोरा पासपोर्ट घेऊन पहिल्यांदाच युरोप मागितला की शंका येते म्हणे. युरोपवाल्यांनी 2024 मध्ये भारतीयांसाठी नियम सैल केला, तोही असाच. तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा. ज्याला पहिलाच मिळत नाही त्याने काय करायचं? मी आईला थायलंडचं विचारलं, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "माझी नात तिथे आहे का?"

हो, आपली माणसं जातात आणि राहतात, एजंट खोटी स्टेटमेंटं बनवून देतात, मान्य. कुणाला घरात घ्यायचं हे ज्याने त्याने ठरवावं, तेही मान्य. आपणही त्यांच्याकडून व्हिसा मागतोच. पण जिजूंच्या ऑफिसमधला माणूस घरी सोफ्यावर बसून ऑनलाइन फॉर्म भरून इकडे आला, आमच्याकडे पुरणपोळी जेवून गेला. त्याला कुणी जमिनीचा उतारा नाही मागितला. तू परत जाशील कशावरून, असं विचारायचं आमच्या मनातही आलं नाही.

अपील करता आलं असतं. तेवढ्यात बाळ झालं, ताई एकटीने सगळं निभावत होती, जिजूंची रजा संपली, आणि आमचा धीर सुटला. तेव्हा लढायला हवं होतं, हे आज जास्त वाटतंय.

नात आता चौदा महिन्यांची आहे. व्हिडिओ कॉलवर स्क्रीनला हात लावते, आई इकडून फोनला गाल लावते. बाळासाठी शिवलेली गोधडी वर्षभर कपाटात आहे. आई म्हणते आता ती लहान पडेल, म्हणून कडेने पट्ट्या जोडतेय, बाबांच्या धोतराच्या आणि ताईच्या शाळेच्या फ्रॉकच्या.

स्टुडिओवाले काका चांगले निघाले. कॅमेऱ्यातून मान वर न करता म्हणाले, "काकू, टिकली राहू द्या. फक्त डोळे मिटू नका." दुसऱ्याच क्लिकला फोटो आला. टिकलीसकट.

अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे. पुण्यातून कुणी पेन्शनर आई-वडिलांसाठी एकदा नकार आल्यावर पुन्हा अर्ज केला असेल आणि व्हिसा लागला असेल, तर कव्हरिंग लेटरमध्ये आधीच्या नकाराबद्दल काय आणि किती लिहिलंत ते कृपया इनबॉक्स करा. थायलंडचा सल्ला नको.