गॉब्लिनचा बाण कुणाच्या नशिबी?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळात गोष्ट सांगणारे आणि शत्रू खेळवणारे नवे डीएम (डंजन मास्टर) हमखास विचारतात, लढाईत तिरंदाज गॉब्लिनांनी, म्हणजे छोट्या राक्षसांनी, नेम कुणावर धरायचा? सोपं आहे. गॉब्लिनला समोर काय दिसतंय याच्या फंदात पडू नका. टेबलाभोवती कोण बसलंय ते बघा.

डी अँड डीच्या 2014च्या नियमांत गॉब्लिनला छोट्या धनुष्यावर नेमाच्या फाशात +4 मिळतात. पुढे उभा असलेला पहिल्या लेव्हलचा फायटर: साखळीचं चिलखत 16, ढालीचे 2, एसी (बाण लागायला गाठावा लागणारा आकडा) 18. वीस बाजूंच्या फाशावर 14 तरी पडायला हवेत. मागे झग्यातला विझर्ड (जादूगार), एसी 12. त्याला 8 पुरतात, आणि एक बाण सरासरी साडेपाच हिट पॉइंट (जिवाचे गुण) खातो. बिचाऱ्याकडे असतात सात-आठ. म्हणजे दोन बाणांत आडवा. तेव्हा बाण फायटरवरच सोडा. ढालीवर खण्णकन आवाज होतो, फायटर खूश, विझर्ड खूश, सामोसे वेळेवर येतात.

अपवाद एकच. एखादा खेळाडू उशिरा आला असेल किंवा तुमच्या खलनायकाच्या नावाला हसला असेल, तर गॉब्लिनांना एकदम ज्ञानप्राप्ती होऊ द्या. त्याच्या क्लेरिकनं (पुजारी पात्रानं) साथीदारांवर ब्लेस हा आशीर्वादाचा मंत्र टाकला रे टाकला, की झुडपातल्या चौघांनाही कळावं: हा मंत्र कॉन्सन्ट्रेशनवर (क्लेरिकच्या एकाग्रतेवर) टिकलाय, त्याला लागलेल्या प्रत्येक बाणाला वेगळी सेव्ह (बचावाचा फासा), निदान 10 हवेत, एक चुकली की तिघांचाही ब्लेस गेला. ‘ह्यांना कसं कळलं?’ असं कुणी विचारलंच तर म्हणा, गॉब्लिनची बुद्धी 10 आहे. खरंच आहे. तुमच्या फायटरची बहुधा 8 असेल. सांगाड्यांची मात्र 6, त्यांनी जवळ दिसेल त्याला मारावं हे बरं. पण हे कुठे बोलू नका, विचार करून खेळवता असा संशय येईल.

1979च्या डीएमच्या पुस्तकात तर कहरच होता. हातघाईत बाण सोडला, तर तो आपल्याला लागणार की परक्याला, हे फासा ठरवायचा! मग डीएमनं राग काढायचा कुठे? आता मध्ये कुणी उभं असलं तर एसीला फक्त +2 मिळतात, आणि ते विसरणं आपल्याच हातात असतं.

राहता राहिला शून्य हिट पॉइंटवर बेशुद्ध पडलेला क्लेरिक. त्याला लागलेला बाण म्हणजे एक डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचा फासा) नापास; तीन झाल्या की पात्र मेलं, नवं कॅरेक्टर शीट. बार्बेरियन कुऱ्हाड परजत पाच फुटांवर आला, इतक्या जवळ शत्रू असताना धनुष्याला डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा घेणं) बसतो, तरी गॉब्लिननं ढळू नये. बेशुद्ध माणसावरच नेम. बोनस अॅक्शनवर (त्याच पाळीतल्या जादा चालीवर) निसटायची किंवा लपायची सोय गॉब्लिनला दिलेली आहे, ती वापरू नका. त्याला कुठे घरी बायकापोरं आहेत?