पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याला पॅराशूट का नाही

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आता तो दहावीतल्या भाच्याच्या विज्ञान प्रकल्पात जसाच्या तसा उतरलाय, म्हणून उत्तर देणं भाग आहे. मेसेज म्हणतो: इस्रो पीएसएलव्हीचा, म्हणजे उपग्रह नेणाऱ्या आपल्या रॉकेटचा, पहिला टप्पा (सगळ्यात खालचा भाग) उगाच समुद्रात टाकते, पॅराशूट बांधलं की तोच पुन्हा उडेल, इंजिन फ्रान्सचं आहे, सहाही बूस्टर (बाजूला बांधलेली छोटी घन-इंधन रॉकेटं) जमिनीवरच एकदम पेटतात, आणि रॉकेटचा तुकडा सापडला तर टायटॅनियम म्हणून भंगारात सोन्याचा भाव मिळतो.

आधी पॅराशूट. पहिल्या टप्प्यात टाक्या नाहीत, पंप नाहीत. २.८ मीटर व्यासाचं, पाच भाग जोडून केलेलं खास पोलादाचं नळकांडं आणि आत सुमारे १३८ टन घन इंधन. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि एचटीपीबी हा रबरासारखा बाइंडर कालवून तो लगदा नळकांड्यातच ओततात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्याला हे लगेच कळेल. मध्ये कोर उभा करायचा, हवा काढून टाकून ओतायचं, घट्ट झालं की कोर ओढून काढायचा. राहिलेल्या पोकळीच्या भिंतीवरून इंधन जळत जातं. कास्टिंगला ब्लो-होल निघालं तर तो जॉब रिजेक्ट करून पुन्हा वितळवता येतो. इथे इंधनाला भेग राहिली किंवा ते आतल्या रबरी अस्तरापासून सुटलं, तर जळायला जास्त पृष्ठभाग मिळतो, दाब चढतो आणि केसिंग, म्हणजे ते पोलादी नळकांडंच, फुटतं. म्हणून आधीच एक्स-रे काढून तपासतात.

हे इंधन पेटलं की विझत नाही, कारण ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ त्यातच मिसळलेला असतो. अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन रॉकेटचा पहिला टप्पा पायांवर उतरतो तो द्रव इंजिन बंद करून पुन्हा चालू करता येतं म्हणून. इथे पावणेदोन मिनिटांत सगळं जळून जातं, उतरताना पेटवायला काही उरत नाही.

नासाने स्पेस शटल या अवकाशयानाच्या घन बूस्टरना पॅराशूट लावली होती, हे मान्य. पण जहाजाने ओढून आणलेलं ते रिकामं केसिंग असायचं. ते सुटं करायचं, धुवायचं, तपासायचं, नव्याने अस्तर लावायचं, इंधन पुन्हा ओतायचं. वर्षाला मोजकी उड्डाणं करणाऱ्या रॉकेटसाठी हा पसारा परवडत नाही. शिवाय ३२० टनांचं पीएसएलव्ही ६०० किलोमीटरवरच्या ध्रुवीय कक्षेत जेमतेम १,७५० किलो नेतं. पॅराशूटच्या वजनापायी त्यातलंच काही कमी होणार.

फ्रान्सबद्दल अर्धं खरं आहे. दुसऱ्या टप्प्याचं 'विकास' इंजिन फ्रान्सच्या 'वायकिंग'वरून आलं, १९७४ च्या कराराने. त्या बदल्यात आपले इंजिनिअर तिथे राबले. पण मेसेजवाला बाकीचे टप्पे गिळून टाकतो. इस्रो उड्डाणाची जी माहितीपुस्तिका काढते, तिच्यातला एक तक्ता पाहिला असता तरी पुरे होतं: पहिला घन, दुसरा द्रव, तिसरा घन, चौथा पुन्हा द्रव. 'विकास' फक्त दुसऱ्यात, तेही एकच.

बूस्टरचंही तिथेच कळतं. पीएसएलव्हीच्या सहा बूस्टरवाल्या एक्सएल प्रकारात चार जमिनीवर पेटतात, दोन २५ सेकंदांनी हवेत. बाकीच्या प्रकारांत बूस्टर सहा नसतातच: डीएलला दोन, क्यूएलला चार, सीएला एकही नाही.

भंगाराचा मुद्दा मात्र कुणाच्या तरी जिवावर बेतेल. पीएसएलव्ही श्रीहरिकोटाहून समुद्रावरून जातं, त्याचे टप्पे बेळगावात पडायचे नाहीत. पण कक्षेतून खाली येणारा भाग कुणाचाही असू शकतो. २ एप्रिल २०२२ ला चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ मोठं धातूचं कडं पडलं. ते चिनी रॉकेटचं असावं, असं जाणकारांनी सांगितलं. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं पिंप लागलं. त्याचं केसिंग तंतू गुंडाळून केलेलं कॉम्पोझिट असतं, त्यात कसलं टायटॅनियम? टायटॅनियम असतं ते टाक्यांत आणि दाबाखालचा वायू भरलेल्या गोळ्यांत, आणि धोकाही तिथेच. गोळ्यात दाब उरलेला असेल तर ग्राइंडर लावताच तो फुटतो. टाकीत हायड्रॅझिनच्या जातीचं विषारी इंधन उरलेलं असेल तर वाफ श्वासात गेली तरी फुप्फुसं आणि यकृत धरतं, कातडीतूनही भिनतं. घन इंधनाचा तुकडा चिकटलेला असेल तर गॅस कटरची ठिणगी पुरते.

असलं काही सापडलं तर हात लावू नका, वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब उभे राहा, लांबूनच फोटो काढा, पोरांना आणि गुरांना हटवा आणि ११२ ला फोन करा.