मक्याऐवजी काय घालायचं, हे किलोच्या भावावर ठरवू नका

मक्याचा भाव चढला की पोल्ट्रीवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मक्याऐवजी दुसरं काय घालता येईल?" प्रश्न रास्तच आहे. कोंबडीपालनाच्या खर्चात 60 ते 70 टक्के वाटा एकट्या खाद्याचा, आणि त्या खाद्यात साधारण निम्म्याहून जास्त मका. तोच मका माणसाला हवा, स्टार्चच्या कारखान्यांना हवा, इथेनॉलवाल्यांनाही हवा. तेव्हा पर्याय शोधलेच पाहिजेत. माझा आक्षेप आहे तो निवडीच्या पद्धतीला. दोन पिकांचे किलोचे भाव शेजारी शेजारी ठेवायचे आणि स्वस्त ते उचलायचं, यात पोल्ट्रीवाला हमखास फसतो.

मक्यातून स्टार्चबरोबर बरंच काही येतं. साडेआठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, साडेतीन-चार टक्के तेल, अंड्याचं वजन राखणारं त्या तेलातलं लिनोलेइक आम्ल, आणि बलकाला पिवळेपणा देणारी झँथोफिल्स. हे सगळं मक्यासोबत आपसूक मिळतं म्हणून कुणी हिशेबात धरत नाही. मका काढला की एकेकाचं बिल वेगळं येतं.

कसावाचंच घ्या, म्हणजे साबुकंद. वाळवलेल्या कसावाचा भाव पाहून कुणालाही मोह पडेल. स्टार्च भरपूर, ऊर्जा मक्यापेक्षा थोडीच कमी. पण प्रथिनं जेमतेम अडीच टक्के. 100 किलो खाद्यात 60 किलो मका असेल आणि त्यातला 30 किलो काढून कसावा घातला, तर पावणेदोन-दोन किलो प्रथिनं कमी पडतात. ती भरायला चार-साडेचार किलो सोयापेंड जादा लागते. कसावा स्वस्त पडला की महाग, हे त्या पेंडीचा भाव मांडल्याशिवाय सांगताच येत नाही. एके काळी थायलंडहून युरोपात दरवर्षी लाखो टन कसावा जनावरांच्या खाद्यासाठी जात होता. तिथे धान्य महाग ठेवलेलं होतं आणि कसावासोबत घालायला सोयापेंड परवडत होती, म्हणून ते गणित जमलं.

शिवाय कसावात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, कडू जातींत जास्तच. कंद किसून किंवा पातळ चकत्या करून उन्हात वाळवला की त्याच्यातलंच एन्झाइम ही द्रव्यं फोडतं आणि बराचसा वायू उडून जातो. उरलंसुरलं सायनाइड निकामी करायला कोंबडीच्या शरीराला गंधक लागतं, आणि ते मेथिओनिनमधून (प्रथिनांतल्या एका गंधकयुक्त अमिनो आम्लातून) खर्च होतं. सोयापेंडीत आधीच मेथिओनिन कमी, म्हणून ते वरून वाढवावं लागतं. वाळवण रेंगाळलं तर बुरशी धरते, ते वेगळंच. आणि दळलेला कसावा इतका भुकटीसारखा होतो की मॅशमध्ये, म्हणजे दळलेल्या सुट्या खाद्यात, पक्षी तो नीट उचलत नाहीत. पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) करा, नाहीतर थोडं तेल मारा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर कमी टॅनिनची ज्वारी हा सगळ्यात कमी कटकटीचा पर्याय आहे, आणि तिच्याकडे उगाच दुर्लक्ष होतं. प्रथिनं मक्याइतकी किंवा किंचित जास्त, ऊर्जा मक्याच्या अगदी जवळ. भीती असते ती टॅनिनची, म्हणजे दाण्यातल्या तुरट, प्रथिनांचं पचन अडवणाऱ्या द्रव्याची, पण दाण्याच्या रंगावरून टॅनिन ओळखू नका. लाल दाण्याच्या कितीतरी जातींत ते नसतं. कॉस्टिक सोडा मिसळलेल्या ब्लीचच्या द्रावणात दाणे वीसेक मिनिटं ठेवले, तर टॅनिनवाले काळे पडतात, बाकीचे पांढरट राहतात. हातमोजे आणि चष्मा घालून करायचं काम आहे, पण एवढ्याशा चाचणीने अख्ख्या गाडीचा निर्णय होतो. बलकाचा रंग मात्र ज्वारीने फिका पडतो. लेअरच्या (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घातला की तो परत येतो.

बाजरी उत्तमच आहे, प्रथिनं आणि तेल दोन्ही मक्यापेक्षा सरस. तांदळाची कणी सहज पचते, रंग आणि लिनोलेइक आम्ल तेवढं सांभाळा. गहू जास्त प्रमाणात घालायचा तर गव्हातला तंतुमय भाग फोडणाऱ्या झायलनेज एन्झाइमशिवाय घालू नका, आतड्यात चिकटपणा वाढतो आणि लिटर, म्हणजे शेडमधलं भुशाचं अंथरूण, ओलं होतं. बटाटा, रताळं ओल्या भावात स्वस्त दिसतात, पण बटाट्यात जवळपास 80 टक्के पाणी असतं आणि कच्च्या बटाट्याचा स्टार्च कोंबडीला नीट पचत नाही. शिजवायचं आणि वाळवायचं इंधन मोजलं की बहुतेक वेळा तो बेत तिथेच संपतो.

मका एकदम शंभर टक्के काढण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. पिल्लांच्या स्टार्टरला, म्हणजे सुरुवातीच्या खाद्याला, तर हात लावू नये. मोठ्या पक्ष्यांना एक चतुर्थांशापासून सुरुवात करा, आठवडा-दहा दिवसांत हळूहळू बदला. एकाच बॅचच्या पक्ष्यांचे दोन कप्पे करा, एकाला जुनं खाद्य, दुसऱ्याला नवं. आणि पोत्याच्या भावाऐवजी एक किलो वजनामागे किंवा एक डझन अंड्यांमागे किती खर्चाचं खाद्य गेलं ते लिहून ठेवा. बॅच संपेपर्यंत रोज लिहा.