फुकटची थरथर

माझ्या गाडीला ताशी १०५ ते ११८ किलोमीटरच्या दरम्यान काहीतरी होतं. १०४ला ती शहाण्यासारखी पळत असते. ११९ला पुन्हा अशी गुळगुळीत, की जणू आपण त्या गावचेच नाही. मधल्या तेरा-चौदा आकड्यांत मात्र तिच्या अंगात येतं. स्टेअरिंग शहारतं, आरसा थरथरतो आणि मागून येणाऱ्या एका ट्रकचे दोन दिसायला लागतात. गाडी वॉरंटीत आहे. हे वाक्य मी गेले सात महिने रोज एकदा स्वतःशी म्हणतो.

पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला गेलो तेव्हा माझी समजूत अशी होती, की वॉरंटी म्हणजे आपण बोट दाखवायचं आणि त्यांनी दुरुस्त करायचं. बोट नक्की कशावर ठेवायचं, हा प्रश्न तोवर पडला नव्हता. सर्व्हिस अॅडव्हायझर अतिशय नम्र मुलगा. इतका नम्र, की त्याच्यावर चिडताच येत नाही. त्याला बहुधा याच गुणावर नेमलेलं असावं.

“काय प्रॉब्लेम आहे, सर?”

“थरथरते.”

“म्हणजे खडखड?”

“खडखड कानाला येते हो. ही हाताला येते.”

“मग गचके बसतात?”

“गचका एकदा बसतो आणि मोकळा होतो. ही लागून राहते. शिरशिरी म्हणा. म्हणजे धडधड आणि भुणभुण यांच्या मधलं काहीतरी.”

या बाबतीत मराठी भाषा चांगली गडगंज आहे. घरघर, खरखर, गुरगुर, कापरं, झिणझिण्या, शहारा. काय हलतंय, किती हलतंय आणि कुणाला ते कळतंय, त्याप्रमाणे शब्द बदलतो. त्याच्या स्क्रीनवर मात्र चारच पर्याय होते: आवाज, व्हायब्रेशन, गाडी एका बाजूला ओढते, इतर. त्याने ‘व्हायब्रेशन’वर टिचकी मारली आणि खाली टाइप केलं, ‘ग्राहकाला व्हायब्रेशन असल्यासारखं वाटतं.’

असल्यासारखं. वाटतं. गाडीला काही होत नाही, ग्राहकाला होतं. मी जॉब कार्डावर सही केली, कारण सही केल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत.

टेस्ट ड्राइव्हला त्यांचे हेड टेक्निशियन आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी स्टेअरिंगवर उजव्या हाताची तर्जनी टेकवली. बाकीचा हात मांडीवर. आम्ही एक चक्कर मारून आलो.

“काही जाणवत नाही, साहेब.”

“पण आपण ऐंशीच्या वर गेलोच नाही.”

“इथे मर्यादाच ऐंशीची आहे.”

कायद्याने ते बरोबर होते. त्यांच्या वर्कशॉपच्या आसपास १०५ला गाडी नेता येईल असा रस्ताच नाही, त्यामुळे माझा बिघाड त्यांच्या हद्दीत घडूच शकत नाही. परत आल्यावर नम्र मुलाने नम्रपणे सुचवलं, “सर, एकशे दहाला चालवायचीच नाही असं केलं तर?” माझ्या गाडीच्या स्पीडोमीटरवर आकडे २८०पर्यंत आहेत.

आता एक कबुली देतो, कारण या भानगडीत माझी बाजू वाटते तितकी धुतल्या तांदळासारखी नाही. ही गाडी मी हौसेने घेतली, आणि ती थरथरते म्हणूनच घेतली. साध्या गाडीत इंजिनाच्या माउंटचं, सस्पेन्शनच्या बुशचं रबर मऊ असतं. रस्त्याची सगळी बातमी वाटेतच दाबून टाकणं हे त्याचं काम. परफॉर्मन्स गाडीत ते रबर मुद्दाम कडक ठेवतात. टायर २३५/३५ आर १९. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायरची भिंत जेमतेम ८२ मिलिमीटर. विकताना सेल्समन म्हणाला होता, “सर, रस्ता हाताला कळतो.” मी त्या वाक्यावर पाघळलो होतो. आता मी तक्रार घेऊन आलो होतो, की रस्ता हाताला कळतो.

म्हणजे या गाडीत दोन थरथरी आहेत. एक पैसे मोजून घेतलेली आणि एक फुकट आलेली. पहिली काढून घेतली तर मी ओरडेन, दुसरी राहिली तरी ओरडेन. दोन्ही एकाच स्टेअरिंगमधून येतात. यातली कुठली माझी आणि कुठली कंपनीची, हे मला हाताला कळतं. कागदावर कसं आणायचं ते कळत नाही.

दुसऱ्या खेपेला व्हील बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं, झालं. रिमला आतून चिकटवतात ती वजनं मी पहिल्यांदाच जवळून पाहिली. पाच-पाच ग्रॅमचे करड्या रंगाचे चौकोनी तुकडे, ओळीने चिकटवलेले. एवढ्याशा तुकड्याने काय होणार, असं वाटून रात्री हिशोब केला. या टायरचा घेर साधारण दोन मीटर. ११०च्या वेगाला चाक सेकंदाला १५ वेळा फिरतं. अशा चाकाच्या कडेला नुसते २० ग्रॅम जास्त असले, तरी प्रत्येक फेरीत ते चाकाला चार किलोंहून जास्त जोराने बाहेर ओढतात. सेकंदाला १५ वेळा. वर हा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. मी बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, “झोप.”

मग थरथर ११९ला का थांबते, याचा छडा लागेना. तो असा लागला: चाक, हब, ब्रेक असं जे सगळं स्प्रिंगच्या खाली असतं, त्याची वरखाली हलायची स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण १० ते १५ हेलकावे. चाकाच्या फेऱ्या त्या लयीच्या जवळ आल्या की एवढ्याशा दोषाचा मोठा तमाशा होतो. वेग वाढवून पलीकडे गेलं की ओसरतो. गंमत पुढेच आहे. हाताला जाणवणारी कंपनं मोजायचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ५३४९. त्यात सगळ्यात जास्त महत्त्व ८ ते १६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या हेलकाव्यांच्या, पट्ट्याला दिलंय. म्हणजे चाक नेमकं ज्या सुरात नाचतं, त्याच सुराला माणसाचा हात सगळ्यात हळवा. इतका अचूक मेळ गाडीच्या दुसऱ्या कुठल्याही दोन भागांत मला आढळलेला नाही.

फोनमध्ये हलणं मोजणारा सेन्सर असतोच. एक अॅप उतरवलं, फोन गिअरच्या शेजारी घट्ट बसवला आणि लांबच्या रस्त्याला लागलो. ११०ला आलेखात एकच सुळका उभा राहिला, १५ हर्ट्झवर. गिअर बदलला, इंजिनाचा सूर बदलला, सुळका होता तिथेच. म्हणजे इंजिन निर्दोष. प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, दोष असता तर सुळका तिप्पट-साडेतिप्पट वर दिसला असता, कारण तो चाकापेक्षा तितका जोरात फिरतो. उरलं चाक, दर फेरीला एक ठोका. गुन्हेगार पुराव्यानिशी सापडल्याच्या आनंदात मी तो आलेख छापून घेऊन गेलो.

मुलाने दोन्ही हातांनी कागद घेतला. “छान काढलंय, सर. पण हे कंपनीचं मान्यताप्राप्त उपकरण नाही.”

कंपनीचं मान्यताप्राप्त उपकरण म्हणजे हेड टेक्निशियनांची तर्जनी.

तिसऱ्या खेपेला गाडी अकरा दिवस ठेवून घेतली. काय केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. घेऊन निघालो तर थरथर साठलाच सुरू. उलट्या पावली परत. तेव्हा असं निदान झालं, की गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली की टायर खालून चपटे होतात. “गाडी जास्त दिवस उभी ठेवू नका, सर.” मी विचारलं, ती कुठे उभी होती? मुलाने रजिस्टर पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, “थोडी चालवली की जाईल.” वीसेक किलोमीटरांत ती साठची थरथर गेलीही. १०५ची आपल्या जागी खुशाल होती.

चौथ्यांदा त्यांनी डेमोची गाडी काढली. तेच मॉडेल, तोच रंग. “आता हिच्यात बसून बघा, सर.” या वेळी हेड टेक्निशियनांनी मन मोठं करून लांबचा रस्ता धरला. ११०ला ती गाडीसुद्धा कापायला लागली. मी आनंदाने जवळजवळ उठून उभा राहिलो. “बघा! हिलाही आहे!”

“तेच म्हणतोय मी,” ते शांतपणे म्हणाले. “दोन्हीला आहे. म्हणजे नॉर्मल आहे.”

यावर काय बोलणार? एका गाडीत असला तर तो दोष. दोन गाड्यांत असला तर मॉडेलचं वैशिष्ट्य. तिसरी गाडी सापडली तर पुढच्या माहितीपत्रकात छापतील.

पाचव्या खेपेला मात्र रोड फोर्सच्या मशीनवर चाकं चढली. हे मशीन चाक नुसतं हवेत फिरवत नाही, त्यावर एक जाड रोलर दाबून फिरवतं, म्हणजे गाडीचा भार आल्यासारखं. टायर कुठे कडक आहे, कुठे मऊ, हे त्यात कळतं; नुसत्या बॅलन्सिंगला ते दिसत नाही. लंबगोल चाकसुद्धा वजनं लावून तोलता येतं, म्हणून ते काही गोल होत नाही. पुढच्या डाव्या चाकाचा आकडा बाकी तिघांच्या दुप्पट आला. हेड टेक्निशियनांनी तर्जनी हनुवटीवर ठेवली. मी श्वास रोखला.

“टायर गाडीच्या वॉरंटीत येत नाही, साहेब. टायरवाल्यांची वेगळी.”

टायरवाल्यांनी टायर उतरवला, उलटासुलटा केला, आतून हात फिरवला आणि रिमकडे बोट दाखवलं. रिम गाडीवाल्यांची. गाडीवाल्यांनी डायल लावून रिम फिरवली, ती मर्यादेत भरली, म्हणून पुन्हा टायर. दोघांचं बोलणं मी नीट ऐकलं. टायर म्हणतो रिम, रिम म्हणते टायर. दोघांच्या मध्ये उरते फक्त हवा, आणि तिला कुणाचीच वॉरंटी नाही.

शेवटी टायर रिमवर १८० अंश फिरवून पुन्हा चढवला. हा उपाय खरा आहे. टायरचं उंच टोक रिमच्या खोल टोकाशी आलं तर दोघं एकमेकांना झाकतात. आमच्याकडे अर्धंच जमलं. १०५ ते ११८ची थरथर आता ११० ते ११६ आहे, आणि हातातून उठून काहीशी सीटखाली गेली आहे. जॉब कार्डावर शेरा पडला: ‘तक्रार निवारण.’

मध्यंतरी माझं काय झालं होतं ते बायको जास्त चांगलं सांगेल. मी वॉशिंग मशीनवर तळहात टेकवून उभा राहायचो. दुसऱ्याच्या गाडीत बसलो तर डोळे मिटून घ्यायचो. ती सुरुवातीपासून म्हणत होती, “मला काहीही जाणवत नाही.” रात्री-अपरात्री मलाही शंका यायची, की जॉब कार्डावरचं ते ‘वाटतं’ बरोबर तर नसेल?

गेल्या रविवारी आम्ही लांब निघालो होतो. ती शेजारच्या सीटवर फोनवर काहीतरी वाचत होती. काटा ११२वर. अचानक तिने फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला.

“अरे, अक्षरं हलतायत.”

लग्नाला ती हो म्हणाली होती तेव्हाही मला इतकं भरून आलं नव्हतं. “पुन्हा बोल,” मी म्हणालो.

सोमवारी तिला घेऊनच सर्व्हिस सेंटरला गेलो. वॉरंटीचे तीन महिने उरलेत. मुलाने दोघांना खुर्च्या दिल्या, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सहावं जॉब कार्ड टाइप केलं. मी वाचलं. ‘ग्राहकांना व्हायब्रेशन असल्यासारखं वाटतं.’

ग्राहकांना! पहिल्यांदाच अनुस्वार पडला होता. परतीच्या वाटेवर मी तो कागद तिला दाखवला. म्हटलं, बघ, अनेकवचन. आता आपण दोघं आहोत.

ती म्हणाली, “आदरार्थीही असू शकतं.”